घरात लेथ आला, आता पहिलं काय बनवायचं?

नाशिकला सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या बंद पडलेल्या शेडमधून साडेचार फुटी लेथ (धातूचा बार फिरवून कापायचं मशीन) निघतो, टेम्पोतून पाथर्डी फाट्याकडच्या एखाद्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये उतरतो, नारळ फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, "काका, याच्यावर पहिलं काय बनवू?" हा फोन इतक्या वेळा आलाय की आता उत्तर लिहूनच काढतो.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाफेचं छोटं इंजिन असतं, नाहीतर बुलेटचा एखादा पार्ट. ते सगळं करा, पण वर्षभराने. पहिलं वर्ष लेथवर लेथचीच कामं करायची. चक-चावीची स्प्रिंग (चक म्हणजे बार धरून फिरणारा पंजा), टूलची म्हणजे कापणाऱ्या हत्याराची उंची बघायचं गेज, डायचा म्हणजे बारवर आटे पाडणाऱ्या चकतीचा होल्डर. कामं लहान असतात, चुकली तर एक तुकडा वाया जातो, पण प्रत्येक काम पुरं झालं की पुढचं सोपं होतं. आणि गिऱ्हाईक तुम्हीच असल्यामुळे काम कच्चं राहिलं तर पुढचं वर्षभर ते रोज तुमच्याच हातात येतं. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

नाशकात राहून हा छंद करायचा म्हणजे अर्धी लढाई आधीच जिंकलेली. 1964 साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबड उभं राहिलं, पुढे सिन्नर वाढलं. त्यामुळे इथे प्रत्येक कॉलनीत एखादा तरी निवृत्त टर्नर, फिटर किंवा ग्राइंडर असतो. त्याला शोधा. चहाला बोलवा. मशीन दाखवा. तो हात लावून जे सांगेल ते मी इथे लिहून सांगू शकणार नाही.

मशीन उतरल्यावर, पहिला कट घेण्याआधी

आधी वीज. एक एचपीची सिंगल फेज मोटर घरच्या सप्लायवर आरामात चालते, पण ती साध्या बटणावर चालवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते आणि न सांगता परत येते. साधं बटण चालूच राहिलं असेल तर लाइट येताक्षणी चक आपोआप फिरायला लागतो, आणि त्या वेळी तुमचा हात जॉबवर, म्हणजे चकमध्ये धरलेल्या तुकड्यावर, असू शकतो. म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा डीओएल स्टार्टर लावा. लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन बंद राहतं. सोबत नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच). हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

मग लेव्हल. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर लेथ तसाच ठेवून चारही बोल्ट आवळले की बेडला, म्हणजे मशीनच्या खालच्या लांब लोखंडी सांगाड्याला, पीळ पडतो. पीळ पडलेल्या बेडवर जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो, आणि नवा माणूस वर्षभर टूलला दोष देत बसतो.

चांगली लेव्हल पट्टी नसली तरी पीळ काढता येतो. 25-30 मिमीचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार चकमध्ये धरा, साधारण 120 मिमी बाहेर काढा, टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याचा) आधार देऊ नका. मधला भाग एखादा मिलिमीटर उतरवून दोन टोकांना दोन कॉलर उभ्या ठेवा. आता धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट न्या आणि मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली तर टेलस्टॉकच्या बाजूचा, तुमच्याकडचा पाय थोडा उचला, म्हणजे त्याखाली पत्र्याची शिम घाला. बारीक आली तर तिकडचाच मागचा पाय उचला. पुन्हा कट, पुन्हा माप. 100 मिमीला एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक उरला की घरच्या कामाला पुष्कळ झालं. याला पूर्ण रविवार जातो, आणि तो द्यावाच लागतो. महिन्याभराने परत एकदा तपासा, कारण मशीन जागेवर थोडं खाली बसतं.

स्पीड किती ठेवायचा, हा यानंतरचा प्रश्न. एमएसवर एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल असेल तर 8000 भागिले मिमीमधला व्यास. म्हणजे 25 मिमीच्या बारला साधारण 320 आरपीएम, 40 मिमीला 200. तुमच्या पुलीवर याच्या जवळचा पण कमी असलेला स्पीड निवडा. जास्त स्पीडला एचएसएसची धार निळी पडते, आणि एकदा निळी पडली की ती घासूनच काढावी लागते.

हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, अंगठी, ओढणी यातलं काही अंगावर नको. डोळ्यांना गॉगल. लांब तारेसारखा निघणारा कीस हाताने ओढायचा नाही, त्यासाठी सळईचा आकडा करून ठेवा. हे मी एकदाच लिहितो, पण मशीनसमोर उभं राहताना दर वेळी आठवा. टूलरूममध्ये असताना मी एका सहकाऱ्याचं बोट हातमोज्यासकट ओढलं गेलेलं पाहिलंय. तो मोजा त्याने हात जपायलाच घातला होता.

पहिलं काम: चक-चावीची स्प्रिंग

चावी चकमध्ये राहिली आणि मशीन चालू झालं तर ती चावी गोळीसारखी सुटते. "मी विसरणार नाही" असं प्रत्येकालाच वाटतं. विसरताच येणार नाही अशी चावी करणं हे तुमचं पहिलं काम.

चावीच्या चौकोनी टोकाच्या वर जो गोल दांडा असतो त्याचा व्यास मोजा. 25 मिमीच्या बारला फेसिंग करा, म्हणजे टोक सपाट कापा, सेंटर ड्रिल मारा, मग दांड्याच्या मापाचं भोक पाडा. बाहेरून हलका कट घेऊन साफ करा, दोन्ही कडांना चॅम्फर (तिरका उतार) द्या आणि 10 मिमी रुंदीची रिंग कापून काढा. पार्टिंग टूलची (तुकडा कापून वेगळा करणाऱ्या टूलची) भीती वाटत असेल तर हॅकसॉने कापा आणि दुसरी बाजू फेस करून घ्या. यात काही कमीपणा नाही. रिंगच्या बाजूला 3.3 मिमीचं भोक आणि त्यात एम-4 चा आटा. त्यात ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) बसतो आणि रिंग दांड्यावर पकडून ठेवतो. आता चौकोनी टोकावरून सैल जाईल अशी, आणि त्या टोकापेक्षा थोडी लांब अशी कॉम्प्रेशन स्प्रिंग रिंगखाली अडकवा.

चावी चकमध्ये घाला, दाबा, आणि हात सोडा. बाहेर पडून खाली आपटली तर काम झालं. नुसती सैल होऊन तिथेच लटकत राहिली तर स्प्रिंग कमजोर आहे, बदला.

या एवढ्याशा कामात फेसिंग, ड्रिलिंग, टर्निंग, टॅपिंग आणि माप घेणं सगळं येऊन जातं.

दुसरं काम: सेंटर हाइट गेज

नव्या माणसाचे निम्मे त्रास टूलच्या उंचीतून येतात. टूलचं टोक स्पिंडलच्या मध्याला नसेल तर फेसिंग करताना मधोमध बोंड राहतं, फिनिश खरखरीत येते, बारीक जॉब टूलवर चढतो. तात्पुरता उपाय असा: टूलचं टोक आणि गोल बार यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे.

पण दर टूलला हे करत बसणं नको. त्यासाठी गेज.

आधी तुमच्या मशीनची उंची काढा. चकमध्ये बार धरून एक साफ कट घ्या आणि मायक्रोमीटरने व्यास मोजा. समजा 24.00 मिमी आला. क्रॉस स्लाइडची सपाट पाठ फडक्याने पुसा, बोट फिरवून बघा. एक कण कीस राहिला तरी माप चुकतं. त्या पाठीपासून बारच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. हाइट गेज असेल तर उत्तम, नाहीतर व्हर्निअरच्या मागून निघणाऱ्या पट्टीने, तीन वेळा मोजून. समजा 92.40 आली. त्यातून अर्धा व्यास, म्हणजे 12.00 वजा करा. 80.40 ही तुमच्या लेथची सेंटर हाइट. हा आकडा बेडशेजारी रंगाने लिहून ठेवा, जन्मभर लागेल.

आता 30 मिमी बारचा तुकडा 82 मिमीला कापा. एक टोक फेस करा. हे खालचं टोक, म्हणून त्याच्या मध्यभागी अर्धा मिलिमीटर खोल खळगा करा, म्हणजे गेज कडेवर उभं राहील आणि डगमगणार नाही. तुकडा उलटा धरा, दुसरं टोक फेस करा, मध्यभागी 5 मिमीचं ड्रिल 20 मिमी खोल आणि त्यात एम-6 चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार). टॅप मारताना टेलस्टॉकचं सेंटर टॅपच्या मागच्या खळग्यात हलकं टेकवून ठेवा. मोटर बंद, हँडल हाताने फिरवायचं, अर्धा वेढा पुढे, पाव मागे, भरपूर तेल. टॅपमधून "करकर" आवाज आला की थांबा आणि कीस काढा. टॅप तुटण्याआधी तो आवाज येतोच.

मग लांबी. 80.90 पर्यंत बिनधास्त या. शेवटचा अर्धा मिलिमीटर कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची, हव्या कोनात फिरणारी छोटी स्लाइड) बेडला समांतर करून काढा, म्हणजे डायलवर जेवढं फिरवाल तेवढीच लांबी कमी होईल. दर कटनंतर मशीन थांबवा, बर (कडेला उभी राहिलेली धातूची पातळ धार) काढा, मोजा. बर तशीच ठेवून मोजलं तर माप हमखास जास्त येतं आणि पुढचा कट जास्त बसतो. 80.40 ला थांबा. दोन-तीन शतांश इकडेतिकडे झालं तर बाहेरच्या टर्निंगला काही बिघडत नाही.

वर 45 मिमी व्यासाची, 6 मिमी जाडीची चकती एम-6 च्या बोल्टने बसवा. तिची खालची बाजू सपाट फेस केलेली हवी. ही चकती बाजूला छपरासारखी बाहेर येते. गेज क्रॉस स्लाइडवर ठेवायचं, टूल त्या छपराखाली आणायचं आणि टोक खालून टेकेपर्यंत पॅकिंग घालायचं. दहा सेकंदांचं काम.

पॅकिंगचे तुकडे एकदाच नीट करून ठेवा. जुन्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे आणि शिम पत्रा टूलच्या लांबीला कापून तारेत ओवा. प्रत्येक टूलसोबत त्याचं पॅकिंग दोऱ्याने बांधून ठेवणारे जुने टर्नर मी पाहिलेत. त्यांचं काम सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचं.

माल कुठून आणायचा

नवा बार विकत घ्यायची सुरुवातीला गरज नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भंगारवाल्यांकडे आणि ओळखीच्या शेडमध्ये बारचे उरलेले एंड पीस किलोवर मिळतात. अडचण एकच, तो कुठला माल आहे ते लिहिलेलं नसतं. ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे थोडे. कार्बन जास्त असेल तर फुलबाजीसारखे भरपूर फाटे. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ठिणग्या आखूड आणि लालसर. शंका आली तर कानस मारून बघा. कानस घसरली तर तो तुकडा कडक केलेला आहे, बाजूला ठेवा. सुरुवातीला फक्त एमएस आणि ब्राइट बारवर (गुळगुळीत, मापाला ओढलेल्या बारवर) हात बसवा.

पितळ हवं असेल तर बाजारातून बारच घ्या. नाशिकच्या पितळी भांड्यांचं नाव मोठं, पण भांडी पत्र्याची असतात, त्यातून टर्निंगला काही मिळत नाही.

तिसरं काम: टेलस्टॉकचा डाय होल्डर

हाताने डाय फिरवून आटा पाडला की तो बहुतेक वाकडाच बसतो. नट सुरुवातीला जातो आणि मग एका बाजूला झुकतो. टेलस्टॉकमधून डाय सरळ धरली की हा त्रास कायमचा संपतो.

आधी तुमच्याकडची डाय मोजा. डायच्या मापांत फरक असतो, म्हणून कुठल्याही तक्त्यावर जाऊ नका. समजा बाहेरचा व्यास 25.0 आणि जाडी 9 मिमी.

45 मिमीच्या बारचा 60 मिमी तुकडा घ्या. चकमध्ये धरून फेस करा, सेंटर मारा, आणि टप्प्याटप्प्याने ड्रिल वाढवत 15.5 पर्यंत आरपार जा. मग 16 चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), हळू स्पीडला, तेल घालून. जॉब न काढता, त्याच पकडीत, बोरिंग टूलने (भोक आतून मोठं करणाऱ्या टूलने) तोंडाशी 25.1 व्यासाचा, 9 मिमी खोल खण करा. "त्याच पकडीत" हेच या कामाचं मर्म आहे. रीमरचं भोक आणि डायचा खण एकाच पकडीत झाले तर दोघांचं सेंटर एकच राहतं. मध्ये जॉब काढून परत धरला तर थ्री जॉ चक त्याला थोडा बाजूला धरणारच, आणि मग हाताने डाय फिरवली असती तर काय बिघडलं असतं?

बाजूने तीन एम-5 चे ग्रब स्क्रू, एक डायच्या फटीत जाणारा, दोन डायवरच्या खळग्यांत बसणारे. ड्रिल 4.2. बाहेर नर्लिंग (खरखरीत नक्षी) करा, म्हणजे हातात पकड येईल.

आत सरकायला 16 मिमीचा ब्राइट बार. तो बहुधा 16 पेक्षा दोन-तीन शतांश कमीच असतो, त्यामुळे रीमरच्या भोकात तेल लावून सुरेख सरकतो. मागचं टोक 12 ला उतरवा, म्हणजे 13 मिमीच्या ड्रिल चकमध्ये मावेल. पुढच्या टोकाला 10 मिमीचं भोक 40 मिमी खोल पाडा, लांब आटा असेल तर जॉब त्यात शिरतो.

वापरताना जॉबच्या टोकाला चॅम्फर द्या, होल्डर बारवर सरकवून डाय जॉबला टेकवा, एका हाताने होल्डर धरा आणि दुसऱ्या हाताने चक फिरवा. मोटर चालू करून आटे पाडायची घाई पहिल्या वर्षी नको.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत

पावसाळ्यात दोन दिवस मशीनकडे बघितलं नाही तर बेडवर बोटांचे ठसे तांबडे उमटतात. काम संपलं की कीस ब्रशने झाडा, 68 नंबरचं ऑइल फडक्याने बेडवर, स्लाइडवर आणि चकवर फिरवा. वरून जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याच्याखाली दमट हवा कोंडते आणि गंज उलट वाढतो.

भंगारातून आणलेला गंजका व्हाइस किंवा जबडे साफ करायला प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह गंजलेल्या वस्तूला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पत्र्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज सुटतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि टब घराबाहेर ठेवा, कारण बुडबुड्यांतून निघतो तो हायड्रोजन असतो.

पहिलं बाहेरचं काम

गेज आणि होल्डर झाले, हात बसला, की कोणीतरी काम घेऊन येतंच. आमच्याकडे ते दिंडोरी-पिंपळगावकडून येतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की द्राक्षबागेत फवारणीची एकच धांदल उडते, आणि नेमका त्याच वेळी ट्रॉलीच्या चाकाचा बुश (शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी) झिजून खडखडायला लागतो. "भाऊ, उद्या सकाळी फवारणी आहे," असं म्हणत माणूस दारात उभा. हे काम घ्या. सोपं आहे, आणि त्याच्या फार उपयोगाचं आहे.

शाफ्टचं माप झिजलेल्या जागी घेऊ नका, जिथे बुश पोचतच नाही तिथे घ्या. समजा तिथे 25.00. बुश ज्यात बसतो त्या घराचं भोक 32.00. गनमेटलचा (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा) तुकडा चकमध्ये धरा. टूलला वरचा उतार ठेवायचा नाही, सपाट ठेवायचा, आणि ड्रिलच्या दोन्ही ओठांवर ऑइलस्टोनने बारीक सपाटी करायची. नाहीतर गनमेटल ड्रिलला आत ओढून घेतं आणि जॉब चकमधून सुटतो. बाहेरचा व्यास 32.03, म्हणजे बुश घरात दाबून बसेल. आतून मात्र 24.8 लाच थांबा. दाबून बसवल्यावर बुश आवळतो, आतलं माप कमी होतं, म्हणून आतलं शेवटचं माप बसवल्यानंतर रीमरने घ्यायचं. शाफ्टपेक्षा पाच ते आठ शतांश मोठं.

बोरिंगचा शेवटचा कट झाला की डायल न हलवता टूल आणखी एकदा आतून फिरवून आणा. बारीक बोरिंग बार वाकलेला असतो, त्या रिकाम्या फेरीत तो राहिलेला माल काढतो.

बुशच्या पुढच्या टोकाला दोन मिलिमीटर लांबीचा उतार द्या, तेल लावा, आणि हातोडीने न ठोकता बेंच व्हाइसच्या जबड्यांत धरून सरळ दाबा. घराला ग्रीसचं भोक असेल तर त्यातूनच बुशला ड्रिल मारा आणि आतली बर गोल कानशीने काढा. शाफ्ट घाला. दोन बोटांनी फिरला पाहिजे आणि वर-खाली हलवून खडखड ऐकू येता कामा नये. अडकत असेल तर परत काढून बघा, एका जागी चकाकी दिसेल. तेवढीच जागा स्क्रेपरने उतरवायची.